फर्स्ट कम्युनियनसाठी आयसिंगच्या शुगर कुकीज: पीठ मळण्यापासून पॅकिंगपर्यंत

फर्स्ट कम्युनियनच्या, म्हणजे कॅथलिक मुलं पहिल्यांदा चर्चमध्ये पवित्र भाकर घेतात त्या संस्काराच्या, कुकीज घरी करायच्या ठरल्या की सगळे आधी कटर शोधायला लागतात, क्रॉसचा, कबुतराचा, प्याल्याचा, आणि मग ते पांढरे-सोनेरी फोटो बघून एकतर घाबरून गप्प बसतात नाहीतर उत्साहात डझनभर रंग मागवून ठेवतात. दोन्हीची गरज नाही. या कामात हातात कला असण्यापेक्षा हाताशी वेळ असणं जास्त महत्त्वाचं आहे, कारण रॉयल आयसिंग (साखर आणि अंड्याच्या पांढऱ्या भागाचं, वाळून कडक होणारं लेपण) नीट वाळायला रात्रभर लागते आणि तिथे कुठलीही घाई चालत नाही. चित्रकलेत यथातथा असलेली माणसं सुद्धा फार देखण्या कुकीज करतात, फक्त ती आदल्या रात्री सुरू करत नाहीत.

त्यामुळे आधी कॅलेंडर उघडा. समजा समारंभ रविवारी आहे. तर मंगळवारी पीठ मळून लाटून फ्रीजमध्ये, बुधवारी भाजणं, गुरुवारी आयसिंगचा खालचा थर, शुक्रवारी वरची नक्षी, नाव आणि सोनेरी काम, आणि शनिवार पूर्ण मोकळा, वाळायला आणि संध्याकाळी पॅक करायला. एवढं ताणून करायचं नसेल तर कुकीज महिनाभर आधी भाजून हवाबंद डब्यात फ्रीजरला टाका, काही बिघडत नाही, पण आयसिंगचे दोन दिवस आणि वाळण्याचा एक दिवस यात कापाकापी करू नका. नोकरी करणाऱ्यांनी तर रोज संध्याकाळचे दोन-तीन तास असंच धरावं, एका दिवसात सगळं उरकायला गेलं की शेवटी पांढऱ्यावर रंग पसरलेला दिसतो.

किती करायच्या? माणशी एक, वर दहा-पंधरा टक्के जास्त. क्रॉसचा एखादा हात तुटतोच, एखादं नाव चुकतं, आणि घरातल्या कुणीतरी "ही जरा वाकडीच आहे ना" म्हणून एक खाल्लेली असते. सगळ्या कुकीजवर नाव घालायचा हट्ट मात्र सोडा. दर चार कुकीजमागे एक नावाची आणि बाकीच्या सोप्या असं ठेवलं तर ताटात मांडल्यावर उलट जास्त छान दिसतं आणि तुमचे खांदे शाबूत राहतात.

पीठ

अनसॉल्टेड बटर २२५ ग्रॅम, बारीक साखर २०० ग्रॅम, एक अंडं, मैदा ४०० ग्रॅम, मीठ अर्धा चमचा, व्हॅनिला दीड चमचा. एवढ्यात ८ सेंटीमीटरच्या साधारण २२ ते २५ कुकीज होतात. अंडं नको असेल तर त्याऐवजी ४५ मिली दूध घाला, कुकी किंचित जास्त खुसखुशीत होते इतकाच फरक. बेकिंग पावडर घालायची नाही, मुद्दामच नाही. बऱ्याच रेसिपीत असते, पण बेकिंग पावडरने कुकी फुगते, पसरते आणि वरून घुमटासारखी गोल होते, आणि मग त्या उतारावरून आयसिंग खाली ओघळतं. आपल्याला टेबलासारखी सपाट आणि कटरने जशी कापली तशीच कडा असलेली कुकी हवी आहे.

बटर मऊ हवं पण वितळलेलं नको, बोट दाबलं की खड्डा पडावा आणि बोटाला तेलकट चकाकी येऊ नये. बटर आणि साखर फक्त एकजीव होईपर्यंत फेटा, मिनिट-दीड मिनिट पुरे. केकला फेटतो तसं पांढरंशुभ्र, हलकं होईपर्यंत फेटायचं नाही, कारण त्यात जी हवा भरली जाते ती ओव्हनमध्ये परत तेच फुगण्याचं काम करते. मग अंडं, व्हॅनिला, मीठ, आणि शेवटी मैदा दोन हप्त्यांत. भांड्याच्या कडा सोडून पीठ गोळा व्हायला लागलं की थांबा. फार चिकट वाटलं तर चमचाभर मैदा, फार भुसभुशीत वाटलं तर चमचाभर दूध, पण आधी हाताने दाबून बघा, पुष्कळदा नुसतं दाबल्यावर जुळून येतं.

आता इथे एक युक्ती आहे जी मला सगळ्यात उपयोगाची वाटते. गोळा फ्रीजमध्ये ठेवून मग दगडासारखं झालेलं पीठ लाटत बसण्यापेक्षा, मळल्या मळल्या मऊ असतानाच दोन बटर पेपरच्या मध्ये लाटून टाका आणि लाटलेली पोळीच ट्रेवर आडवी ठेवून फ्रीजमध्ये ढकला, किमान एक तास. वरून मैदा भुरभुरावा लागत नाही, त्यामुळे कुकी कोरडी होत नाही, आणि कापताना पीठ थंडगार असतं. जाडी ६ मिलिमीटर. अंदाजाने नाही, मोजून. पीठाच्या दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटरच्या दोन लाकडी पट्ट्या ठेवा आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवा, सगळीकडे एकसारखं येतं. पातळ-जाड असलं तर पातळ बाजू करपते, जाड बाजू कच्ची राहते आणि आयसिंग एका बाजूला वाहतं.

कापताना आकाराचा विचार करा. क्रॉस, कबुतर, प्याला, मेणबत्ती, उघडं पुस्तक हे सगळं चालतं, पण लांब बारीक चोच किंवा काडीसारखे हात असलेला कटर टाळा, ते तुटणारच. खरं सांगायचं तर साधा गोल आणि साधा लंबगोल या दोन कटरवर अख्खा समारंभ निभावतो. गोलावर पवित्र भाकर आणि किरणं, लंबगोलावर नाव, गोलावरच द्राक्षांचा घोस. प्याल्याचा कटर मिळाला नाही तर ट्युलिपच्या फुलाचा किंवा वाइनच्या ग्लासचा चालून जातो, नाहीतर जाड कागदावर आकार काढून तो पीठावर ठेवून सुरीने कडेकडेने कापा. कापलेल्या कुकीज ट्रेसकट १५-२० मिनिटं फ्रीजरमध्ये, मग थेट ओव्हनमध्ये. ही पायरी कंटाळा येतो म्हणून सगळे गाळतात आणि मग क्रॉसचे काटकोन वितळल्यासारखे गोल होतात.

भाजणं

ओव्हन १७५ अंश सेल्सियसला पूर्ण तापलेला हवा. ८ सेंटीमीटरच्या कुकीला ९ ते १२ मिनिटं. वरची चमक गेली, पृष्ठभाग मॅट दिसायला लागला आणि कडेला अगदी पुसटसा सोनेरी रंग आला की काढा, मध्ये बोटाने दाबून मऊ लागली तरी काढाच, ट्रेवर पाच मिनिटांत ती स्वतःच घट्ट होते. एका ट्रेवर एकाच मापाच्या कुकीज ठेवा, मोठा प्याला आणि छोटा क्रॉस बरोबर टाकले तर एक कच्चा आणि एक काळा. छिद्रं असलेली सिलिकॉन मॅट असेल तर खाली हवा अडकत नाही आणि तळ सपाट येतो. मध्ये फुगवटा आलाच तर बाहेर काढल्या काढल्या गरम असतानाच सपाट तळाच्या वाटीने हलकेच दाबा.

पूर्ण गार होऊ द्या, आणि जमलं तर एक रात्र तशाच राहू द्या, किचन पेपरवर. गरम किंवा ताज्या कुकीतलं बटर वर येऊन आयसिंगमध्ये शिरतं आणि पांढऱ्यावर तेलकट पिवळसर डाग पडतात. रंगीत कुकीवर एकवेळ खपतं, कम्युनियनच्या पांढऱ्यावर लपत नाही.

आयसिंग, म्हणजे खरं काम

आयसिंग शुगर ४५० ग्रॅम, मेरिंग पावडर (मुख्यतः वाळवलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाची पूड) ३ मोठे चमचे, कोमट पाणी ७५ ते ९० मिली. साखर चाळून घ्या, एक बारीक गुठळी पायपिंगच्या नळीत, म्हणजे आयसिंग दाबून काढायच्या बॅगेच्या टोकात, अडकली की चिडचिड होते. भांडं आणि बीटर दोन्ही व्हिनेगर लावलेल्या कापडाने पुसून घ्या कारण फॅटचा एवढासा अंश असला तरी आयसिंग नीट फुलत नाही, आणि प्लॅस्टिकच्या भांड्यावर तेलाचा थर चिकटून राहतो म्हणून स्टील किंवा काच घ्या. सगळ्यात कमी स्पीडवर ५ ते ७ मिनिटं. जोरात फिरवलं तर लवकर होतं हे खरं, पण हवेचे बुडबुडे भरतात आणि नंतर ते टूथपिकने एकेक फोडत बसावं लागतं. बीटर उचलल्यावर टोक ताठ उभं राहिलं की झालं. यात चमचाभर कॉर्न सिरप घातलं तर वाळल्यावर दाताला कडक लागत नाही आणि थोडी चकाकीही येते, जास्त घालू नका, वाळेनासं होतं.

मेरिंग पावडरऐवजी अंड्याचा पांढरा भाग वापरतात, ३ अंड्यांचा एवढ्या साखरेला पुरतो, पण खाणारी मुलं आहेत तेव्हा कच्चं अंडं नको, साल्मोनेला जंतूंचा धोका असतो, पाश्चराइज्ड पांढरा भाग बाटलीत मिळतो तो घ्या. अंडं अजिबात चालत नसेल तर उकडलेल्या छोल्यांचं घट्ट पाणी ८०-९० मिली वापरूनही रॉयल आयसिंग होतं, चवीला छोले लागत नाहीत, फक्त वाळायला जरा जास्त वेळ घेतं.

हे जे ताठ आयसिंग झालं ते मूळ. याचे आता तीन घट्टपणा करायचे आणि तिन्ही वेगळ्या वाट्यांमध्ये. पाणी चमच्याने ओतू नका, स्प्रेच्या बाटलीने फवारा किंवा थेंबाथेंबाने घाला, कारण घट्टपासून पातळपर्यंतचं अंतर दोन-चार थेंबांचंच असतं. पहिलं, जसंच्या तसं ताठ, पाकळ्या आणि पानांसाठी. दुसरं, टूथपेस्टइतकं, आउटलाइन आणि अक्षरांसाठी, बीटर उचलला की टोक वळून खाली झुकतं ते. तिसरं, भरायचं पातळ, ज्याला फ्लडिंग म्हणतात. त्याची परीक्षा अशी: वाटीतल्या आयसिंगवरून सुरीने मधोमध एक रेघ ओढायची आणि मनात आकडे मोजायचे. रेघ १२ ते १५ आकड्यांत पूर्ण मिटली तर बरोबर. आठच्या आत मिटली तर फार पातळ आहे, कडेवरून ओघळेल आणि छोट्या जागी खड्डे पडतील, त्यात मूळचं ताठ आयसिंग थोडं मिसळा. वीसच्या पुढे गेली तर पृष्ठभाग ओबडधोबड राहील, एक फवारा मारा. दरवेळी मोजा, अगदी सवय झाली तरी, कारण वाटीत पडून राहिलेलं आयसिंग आपोआप बदलत असतं.

पातळ आयसिंग वाटीत झाकून १५-२० मिनिटं ठेवा म्हणजे बुडबुडे वर येतात, मग हलक्या हाताने ढवळून बॅगेत भरा. वाट्यांवर कायम ओलं कापड, दोन मिनिटं उघडी राहिली तरी वर पापुद्रा धरतो.

पांढरा आणि सोनेरी

बाहेरून बघणाऱ्याला पांढरा रंग सोपा वाटतो, रंगच घालायचा नाही म्हटल्यावर काय ते. पण तपकिरी व्हॅनिलाने आयसिंग हस्तिदंती होतं, म्हणून आयसिंगमध्ये रंगहीन व्हॅनिला किंवा बदामाचा इसेन्स वापरा, नट्सची अॅलर्जी असलेलं कुणी येणार असेल तर बदामाचा नको. तरी पिवळट वाटलं तर टूथपिकच्या टोकावर मावेल इतकाच जांभळा जेल रंग अख्ख्या वाटीत, पिवळेपणा जातो, पण टोक म्हणजे खरंच टोक. पांढऱ्या जेल रंगात बऱ्याचदा टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य असतं, युरोपियन युनियनने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांत ते वापरायला बंदी घातली, इतर बऱ्याच देशांत चालतं. मला विचाराल तर रॉयल आयसिंग मुळातच पुरेसं पांढरं असतं, वेगळा रंग लागत नाही.

सोनेरीच्या बाबतीत मात्र मी जरा कडक आहे. चमकीच्या डबीवर "नॉन-टॉक्सिक" लिहिलेलं असणं म्हणजे ती खाण्याजोगी असणं नव्हे. डबीवर "एडिबल" हा शब्द आणि घटकांची यादी दोन्ही असेल तरच वापरायची, नाहीतर ती शोभेची. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२१ मध्ये दोन प्रकरणं नोंदवली, रोड आयलंड आणि मिसुरी या राज्यांमधली, जिथे केकवर लावलेल्या न खाण्याजोग्या चमकीमुळे लहान मुलांना विषबाधा झाली, एका ठिकाणी तांबं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी शिसं. केक लहान मुलांच्या वाढदिवसाचे होते. तेव्हा शंका असेल तर सोनेरी राहू द्या, फिकट मधासारखा पिवळा आयसिंगही प्याल्याला शोभतो.

एडिबल पावडर मिळाली तर ती पाण्यात कालवू नका, पाण्याने खालचं आयसिंग विरघळतं. लिंबाचा इसेन्स किंवा व्होडकाचे दोन-तीन थेंब घ्या, ते भराभर उडून जातात, आणि बारीक ब्रशने पूर्ण वाळलेल्या आयसिंगवर लावा. खाली बेस पिवळसर किंवा बेज असेल तर एका हातात सोनं बसतं, पांढऱ्यावर तीन हात लागतात आणि तरी चट्टेपट्टे दिसतात. चांदीचे-सोन्याचे कडक मणी लावायचा मोह होतो, पण लहान भावंडं येणारच, घशात अडकू शकतात, त्यापेक्षा आयसिंगचेच ठिपके द्या.

काय काढायचं

फर्स्ट कम्युनियनची मुलं बहुतेक सात-आठ वर्षांची असतात, पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये वय सातच्या आसपास आणलं तेव्हापासून, त्याआधी बरीच मोठी असायची. म्हणजे चित्र त्या वयाला बघायला आवडेल असं असावं, नुसतं गंभीर नको. प्याला आणि पवित्र भाकर, गव्हाची लोंबी आणि द्राक्षं, क्रॉस, कोकरू, मेणबत्ती, हे सगळं या संस्काराशी थेट जोडलेलं आहे. कबुतर पवित्र आत्म्याचं चिन्ह, ते बाप्तिस्मा आणि दृढीकरणाला (कन्फर्मेशनला) जास्त जवळचं, पण कम्युनियनला कुणी नाही म्हणत नाही. येशूचा किंवा मरियेचा चेहरा मात्र काढू नका असं मी म्हणेन, एक तर चेहरा बिघडतो आणि दुसरं म्हणजे तो खायचा कसा हा प्रश्न पाहुण्यांना पडतो. काही घरांत क्रॉसच्या कुकीबद्दलही तसंच वाटतं, म्हणून दुसऱ्यांसाठी करत असाल तर आधी विचारून घ्या.

प्याल्याची कुकी अशी. आउटलाइनच्या आयसिंगने कडेपासून दोन मिलिमीटर आत प्याल्याची रेघ मारा, नळी कुकीला टेकवून ओढायची नाही, सेंटीमीटरभर वर धरून धाग्यासारखी सोडत जायचं, मग हात थरथरला तरी रेघ सरळ पडते. लगेच आतला भाग पातळ आयसिंगने भरा, कडेकडेने आधी, मग मध्ये. टूथपिकने बारीक गोल फिरवत आयसिंग कोपऱ्यात ढकला आणि बुडबुडे फोडा. कुकी टेबलावर दोनदा हलकेच आपटा. हे सगळं दोन-तीन मिनिटांत, कारण त्यानंतर वर साय धरते आणि मग जिथे टूथपिक लावाल तिथे सुरकुती पडते. आता वाळू द्या. वरची भाकर म्हणजे एक पांढरा गोल, तो प्याल्याचा भाग वाळून कडक झाल्यावरच भरा, दोन भाग एकदम भरले तर ते एकमेकांत मिसळून एकच ढिगारा होतो. भाकरीवर छोटा क्रॉस, दुसऱ्या दिवशी.

द्राक्षं करायला मजा येते. टूथपेस्टइतक्या घट्ट जांभळ्या आयसिंगचे ठिपके एक सोडून एक द्यायचे, १५ मिनिटं थांबायचं, मग मधले गाळलेले भरायचे. प्रत्येक द्राक्ष वेगळं गोल दिसतं. जांभळा आणि गुलाबी रंग उजेडात उडतात, खिडकीपाशी वाळत ठेवल्या तर दोन दिवसांत द्राक्षं करडी होतात, तेव्हा अंधाऱ्या जागी ठेवा. लोंबीसाठी एक बारीक दांडी आणि दोन्ही बाजूंना थेंब, नळी दाबायची आणि दाब सोडत दांडीकडे ओढायची, बस.

मराठीत नाव

देवनागरीत नाव घालायचं म्हणजे इंग्रजी अक्षरांपेक्षा जागेचं गणित वेगळं. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, म्हणून अक्षराची उंची कुकीच्या अर्ध्याहून कमी धरा, नाहीतर "क्रिस्टिना"ची वेलांटी कुकीच्या बाहेर जाते. नाव आधी फोनवर टाइप करून हव्या त्या मापात छापून घ्या, त्यावर बटर पेपर ठेवून दोन-तीनदा गिरवा, हाताला वळण बसतं. मग वाळलेल्या पांढऱ्या बेसवर टाचणीने शिरोरेघेची अगदी पुसट खूण करून घ्या आणि तिच्या खाली आधी सगळे काने, उभे दांडे, मग अक्षरांचे गोल भाग, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी एका दमात. दांड्यांची वरची टोकं खालीवर झालेली असतात ती तिच्याखाली झाकली जातात. वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार त्यानंतर.

नळी १ किंवा दीड नंबरची. "स्ट", "क्र", "ज्ञ" असली जोडाक्षरं बारीक मापात भरून जातात आणि नुसता ठिपका दिसतो, ती थोडी रुंद काढा, बाकीची अक्षरं त्यांच्या मापाने. फार लांब नाव असेल तर सरळ दोन ओळी करा. चुकलं तर ओलं असतानाच टूथपिकने उचलून टाका आणि किंचित ओल्या ब्रशने पुसा. गडद रंगाचं चुकलं तर डाग राहतो, त्यामुळे नावासाठी सोनेरी-पिवळा किंवा फिकट निळा बरा, काळा आणि लाल अजिबात नको.

वाळवताना काय बिघडतं

भरलेल्या कुकीज पंख्यासमोर ठेवा, पहिला अर्धा तास नक्की. वरचा थर लवकर धरला की चकाकी राहते आणि खड्डे पडत नाहीत. पूर्ण वाळायला ८ ते १२ तास, हवा दमट असेल तर दीडपटही. झाकून ठेवू नका, ओलावा आत कोंडतो. फ्रीजमध्ये तर मुळीच नाही, बाहेर काढल्यावर घाम फुटतो आणि रंग वाहतात.

पांढऱ्याशेजारी गडद रंग असेल आणि तो पांढऱ्यात पसरला तर कारण जवळपास नेहमी एकच, खालचा थर पुरता वाळला नव्हता किंवा वरचं आयसिंग फार पातळ होतं. पांढरा रात्रभर वाळवा आणि गडद घट्ट वापरा. छोट्या जागी, म्हणजे क्रॉसच्या हातावर वगैरे, वाळल्यावर खड्डा पडतो, तिथे भरायच्या आधी घट्ट आयसिंगची एक नागमोडी रेघ खाली द्या, तिच्या आधाराने वरचं खचत नाही. पांढरे ठिपकेदार चट्टे आले तर ते बहुतेक बटरचे, त्यांच्यावर आता इलाज नाही, एखादं फूल काढा वर.

पॅकिंग आणि त्या दिवशी

शेवटचा हात फिरवल्यावर २४ तासांनी पॅक करा. नखाने हलकेच टोकरून बघा, टणक आवाज आला पाहिजे. पारदर्शक पिशवीत एकेक घालून बंद केल्या तर खोलीच्या तापमानाला दोन आठवडे टिकतात, चव पहिल्या आठवड्यात सगळ्यात चांगली. डब्यात उभ्या नाही, आडव्या, प्रत्येक थरात कागद. पिशवीवर मैदा, बटर, अंडं, दूध यातलं जे घातलंय ते लिहून ठेवा, पार्टीत कुणाच्या मुलाला काय चालत नाही ते आपल्याला माहीत नसतं.

उरलेलं मेरिंग पावडरचं आयसिंग पृष्ठभागाला चिकटवून प्लॅस्टिकने झाकून फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं, खाली पाणी सुटतं, परत फेटलं की होतं. त्यातलं थोडं एका छोट्या बॅगेत भरून समारंभाच्या जागी बरोबर न्या, गाडीत तुटलेला क्रॉस तिथल्या तिथे चिकटवता येतो.

आणि डबा मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, आधी उघडू नका. कम्युनियन घेण्याआधी किमान एक तास पाणी आणि औषध सोडून काही खायचं नाही असा चर्चचा नियम आहे, आणि पांढऱ्या कपड्यांत तयार होऊन बसलेल्या, भूक लागलेल्या मुलाला स्वतःच्या नावाची कुकी दिसली की तो नियम त्याच्या लक्षात राहण्याची शक्यता फार कमी. डबा वरच्या फळीवर ठेवा.